भिंत संपते तिथून छपरापर्यंत

शाळेचं छप्पर उडालं ते अख्खं. पत्रा एकीकडे, वासा दुसरीकडे, असला पसारा नाही. डब्याचं झाकण उचलावं तसं वाऱ्यानं ते उचललं, रस्त्यापलीकडे नेलं, वीटभट्टीवरून फिरवलं आणि मागच्या पडीक मैदानात उताणं ठेवून दिलं. तिसऱ्या दिवशी लोक बघायला गेले तेव्हा त्यात पाणी साचलं होतं आणि कुणाची तरी दोन बदकं त्यात पोहत होती. खिळा मात्र एकही निघाला नव्हता.

"मामा, मानलं तुम्हाला," सायकल दुरुस्तीवाला म्हणाला. "छप्पर गेलं, पण खिळ्यानं जागा सोडली नाही!"

पत्रेमामांना ह्या कौतुकाचं काय करावं ते कळेना, कारण ते खरं होतं. ते गुडघाभर चिखलातून छपराला एक फेरी मारून आले, सवयीनं दोन-चार खिळे हलवून पाहिले. हललं नाही काही. मग ते तिथेच एका दगडावर बसले आणि बदकांकडे बघत राहिले.

सोळाव्या वर्षी हा माणूस पत्र्यावर चढला, तो छप्पन्नाव्या वर्षापर्यंत खाली आला तो जेवायला, झोपायला आणि एकदा लग्नाला. दुसरे पत्रेवाले पत्र्याच्या दर तिसऱ्या उंचवट्यावर खिळा मारत, मामा एकाआड एक मारायचे. मारताना तोंडात सहा खिळे असत, त्यामुळे बोलणं कमी, आणि जे बोलत ते टोचायचं. पाऊस लागला की आपण घातलेल्या छपरांखालून छत्री मिटून फिरायचे. "गळतंय का?" असं विचारायचे नाहीत, "गळत नाही ना," असं सांगायचे. निम्मं गाव त्यांच्या पत्र्यांखाली कोरडं झोपत होतं.

आता ह्या गावातली कामाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. भिंत गवंड्याची, छप्पर पत्रेवाल्याचं. गवंड्यानं भिंतीच्या माथ्यावर शेवटची थापी फिरवायची, हात धुवायचे, परांची सोडायची आणि चालू लागायचं. दुसऱ्या दिवशी पत्रेवाल्यानं शिडी घेऊन यायचं. दोघं एका दिवशी एका कामावर नसायचेच. असले की भांडायचे: शिडी कुणी हलवली, सावलीत कोण बसलं, घरच्या बाईनं चहा आधी कुणाला दिला. म्हणून जुन्या लोकांनी ही वाटणी करून टाकली होती. शहाणपणाचीच होती. एवढंच, की भिंत संपते तिथून छप्पर सुरू होईपर्यंतची चार बोटं कुणाच्याच वाट्याला आली नव्हती. गवंडी म्हणणार, माझं इथे संपलं. पत्रेवाला म्हणणार, माझं इथून पुढे. वासे भिंतीवर नुसते टेकलेले असत, पलंगावर टेकलेल्या पाहुण्यासारखे. केव्हाही उठून जायला मोकळे.

शाळेचा गवंडी तर मामांचा सख्खा साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. गाव त्याला ओळंबा म्हणायचं, गवंड्याच्या दोरीला लोंबणाऱ्या वजनावरून. उंच, सडपातळ, आणि कुणी कितीही धक्के दिले तरी फिरून सरळच लोंबणारा. भिंतीचा माथा तो असा करायचा की काठोकाठ भरलेला पेला वर ठेवला तरी थेंब सांडू नये. आणि ठेवून दाखवायचा, ही खोड. अकरा वर्षांपूर्वी शाळा बांधताना लाकडं जरा वाकडी आली, म्हणून मामांनी वासे बसवताना तो माथा जागोजागी दोन-दोन बोटं तासला.

"माझी भिंत उंदरानं कुरतडल्यासारखी केलीस!" ओळंबा भर रस्त्यात म्हणाला.

"उंदीर वर चढतो तरी," मामा म्हणाले. "तू खालूनच बघत राहा."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. बहिणी-बहिणी एकमेकींकडे जायच्या, पण नवऱ्यांनी एकमेकांच्या उंबऱ्याला पाय लावला नाही.

वादळ येणार असं भोंग्यावर सांगत फिरले, तेव्हा मामी घरातच थांबणार होत्या. मामांनीच त्यांना बळेबळे पाठवलं. "शाळेत जा. ते छप्पर माझं आहे," म्हणाले. स्वतः शेजारच्या दुकानाचे पत्रे दोरानं आवळायला मागे राहिले. दुपारी शाळेचं छप्पर गेलं. डोक्यावरचा भार गेल्यावर भिंत आधी डुलली, मग आत पडली. शाळेचा म्हातारा शिपाई गेला, शिंप्याची आई गेली. मामींच्या कमरेचं हाड मोडलं.

तीन आठवड्यांनी दवाखान्यातून त्यांना खाटेवर घालून आणलं. दारात आल्यावर त्या उचलणाऱ्यांना म्हणाल्या, "इथेच ठेवा."

"अगं, इथे कुठे अंगणात? आत चल," मामा म्हणाले. "आपलं घर उभं आहे. एक पत्रा हललेला नाही."

"शाळेचाही कुठे हलला होता?"

मामांच्या तोंडात खिळे नव्हते, तरी बोलता आलं नाही.

मग अंगणात बांबू रोवून, त्यावर निळी ताडपत्री टाकून मामींची खोली झाली. मामांनी नाना तऱ्हेनं समजावलं. मामी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. "वर छप्पर दिसलं की मला ते जाताना दिसतं," एवढंच म्हणायच्या आणि ताडपत्रीकडे बघत पडायच्या. ती उडाली तरी कुणाच्या अंगावर भिंत पडणार नव्हती. पाऊस सुरू झाला. ताडपत्रीत पाण्याचा फुगा व्हायचा, मामा काठीनं तो ढोसायचे, आणि निम्मं पाणी हमखास अंथरुणावर यायचं. चाळीस वर्षं लोकांना कोरडं ठेवणाऱ्या माणसाची बायको ओली. गावानं ह्यावर एकही विनोद केला नाही. ह्या गावानं विनोद सोडला म्हणजे प्रकरण किती वाईट होतं बघा.

मामींना खोकला लागला. नर्सताईंनी छातीला नळी लावली आणि मामांना बाजूला घेतलं.

"बाईंना पक्क्या खोलीत हलवा. पडून राहिलेल्या माणसाची छाती अशा ओलीत भरते. एकदा भरली की माझ्या पिशवीत त्यावर काही नाही."

"ती येत नाही हो."

"मग ती येईल अशी खोली करा. महिनाभर आहे तुमच्याकडे. त्यानंतर मला बोलावू नका, मला बघवत नाही."

शाळा पुन्हा बांधायला जी मंडळी आली त्यांच्यात एक इंजिनिअरबाई होत्या. वयानं मामांच्या मुलीएवढ्या असत्या, मुलगी असती तर. चार गावांचं काम एकटीकडे, त्यामुळे बोलताना सुद्धा पायात वहाणा घालत असायच्या. त्यांनी मामांना पडलेल्या भिंतीपाशी नेलं.

"मामा, पत्र्याला कोण धरतं?"

"खिळा."

"खिळ्याला?"

"वासा."

"आणि वाशाला?"

"भिंत."

"कशानं धरते?"

"वजनानं," मामा म्हणाले.

"कुणाच्या? वाऱ्यापुढे वजन कुणाचं?" बाईंनी पिशवीतून हातभर लांबीची लोखंडी पट्टी काढली. भिंतीच्या माथ्यावर चहूबाजूंनी आत सळ्या घातलेला काँक्रीटचा पट्टा ओतायचा. तो ओला असतानाच प्रत्येक वाशाच्या जागी ही पट्टी आत रोवायची, वर वीतभर उभी ठेवायची. नंतर ती वाशावरून गुंडाळून खिळ्यांनी ठोकायची. बस्स. आधी शाळा, कारण वादळात गाव तिथेच जमतं, मग घरं. ज्या घरांच्या भिंती उभ्या आहेत त्यांच्याही माथ्यावर असाच पट्टा.

मामांनी ती पट्टी घरी आणली आणि मामींच्या हातात दिली. मामींनी ती उलटसुलट केली, दोन्ही हातांनी वाकवून पाहिली, वाकली नाही. "एवढीशीच?" म्हणाल्या. मग ती उशाशी ठेवून म्हणाल्या, "ही घातलेली दाखवा. मग येते आत."

बाईंची एकच अट होती: ओतायच्या दिवशी गवंडी आणि पत्रेवाला दोघं हजर हवेत. ओळंब्यानं मान हलवली, मामांनीही हलवली. एकमेकांकडे न बघता. पण नेमक्या त्या सकाळी मामींचा ताप चढला आणि मामा त्यांना हातगाडीवर घालून दवाखान्यात घेऊन गेले. बाईंनी स्वतः एकेक पट्टी जागेवर धरून दिली, ओळंब्याला बजावलं आणि पुढच्या गावाला पळाल्या.

काँक्रीटला सात दिवस पाणी पाजावं लागतं. आठव्या दिवशी मामा शिडी लावून वर चढले.

माथ्यावर काही नव्हतं.

म्हणजे माथा होता. असा होता की त्यात आभाळ दिसावं. पाची खोल्यांना चहूबाजूंनी फिरलेला, गुळगुळीत, एका पातळीतला पट्टा. पट्टी एकही नाही. मामा गुडघ्यांवर रांगत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेले. एका ठिकाणी तळव्याला केसाएवढी रेघ लागली. नखानं खरवडलं तेव्हा खाली लोखंड चमकलं. पट्ट्या होत्या. वाकवून, आत दाबून, वर थापी फिरवलेली होती.

खालून मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, हाका मारत होत्या. त्यांची एकशे ऐंशी मुलं दोन महिने मासळीबाजाराच्या शेडमध्ये पाढे म्हणत होती; वह्यांना वास यायचा, आणि मांजरं सगळ्या तासांना हजर असायची.

"मामा, कधी चढवताय? सोमवारी वरून साहेब पाहणीला येतायत."

"पट्ट्या गाडल्यात, बाई."

मोठ्या बाई जरा वेळ वर बघत राहिल्या. "खालून काय दिसतं?"

"खालून काहीच दिसत नाही."

"मग?" त्या म्हणाल्या. आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवून निघून गेल्या.

मामा दुपारभर भिंतीवर पाय सोडून बसून राहिले. वासे तयार होते, पत्रे तयार होते, तीन दिवसांत छप्पर चढलं असतं. खालून काहीच दिसलं नसतं. पाहणीवाले आपल्या कागदावर खूण करून गेले असते, आणि मामीही शाळेतली खोली बघून घरात आल्या असत्या. त्यांना काय कळणार होतं, पट्टी दाखवली की झालं; एक-दोन खोटी वर ठोकूनही दाखवता आली असती. हा विचार मामांच्या मनात आला. आला, आणि दुपारभर राहिला.

घरी गेले तेव्हा मामी उशीला टेकून बसल्या होत्या, श्वास मोजून घेतल्यासारख्या.

"घातल्या का?"

"नाही." मामांना वाटलं होतं, हा शब्द तोंडातून निघायला वेळ लागेल. "पुरल्यात त्यानं."

मामी खोकल्या. खोकला थांबेपर्यंत मामा पाण्याचा तांब्या धरून उभे राहिले.

"मग जाऊन सांगा त्यांना."

"अकरा वर्षं बोलत नाही आम्ही."

"माहीत आहे मला. दोन पुरुषांची चार बोटांची भांडणं, आणि हाड मोडायला मी." हे त्या रागानं बोलल्या नाहीत, म्हणून मामांनी तांब्या खाली ठेवला आणि वहाणा घातल्या.

ओळंब्याच्या दारात मामा पोचले तेव्हा थोरली बहीण झाडत होती. ती झाडू तसाच धरून म्हणाली, "आज सूर्य वाट चुकला वाटतं! अहो, बाहेर या, उंदीर आलाय."

ओळंबा बाहेर आला, पण दाराच्या चौकटीतच उभा राहिला.

"पट्ट्या," मामा म्हणाले.

"मला वाटलं त्या काँक्रीट ओतताना फळ्या धरायला आहेत. काम झालं, दाबल्या."

"बाईंनी सांगितलं होतं तुला."

"माझ्या भिंतीला हात लावायचा नाही."

"हात? छिन्नी लावणार आहे."

"शंभर लोखंडी जिभा बाहेर काढलेली भिंत मी मागे सोडून जाऊ? लोक काय म्हणतील?"

"लोक! लोक कुठे आहेत? शिपाई मेला, शिंप्याची आई मेली, माझी बायको चिखलात पडलीय!"

थोरलीनं झाडू खाली ठेवला. ओळंबा दारातच हळूहळू खाली बसला. इतका उंच माणूस बसताना फार वेळ लागतो.

"सांगितलं होतं बाईंनी," तो म्हणाला. "मी ठेवणारच होतो. थापी फिरवता फिरवता हात थांबलाच नाही. एक दाबली गेली. मग दुसरी तिच्याशेजारी वाईट दिसायला लागली." तो आपल्या तळव्यांकडे बघत होता. "तिला बघायला आलो नाही मी. कोणत्या तोंडानं येऊ? माझी भिंत पडली तिच्या अंगावर."

"छप्पर माझं गेलं म्हणून पडली."

"भिंत धड असती तर उभी राहिली असती."

"छप्पर बांधलेलं असतं तर—"

"पुरे!" थोरली म्हणाली. "आता पाप कुणाचं मोठं ह्यावरून भांडा. उठा, हत्यारं घ्या."

त्यांनी छिन्नी-हातोडा घेतला आणि स्वतःच घातलेला माथा ओळंब्यानं स्वतः फोडला. पहिला घाव घालताना त्यानं डोळे मिटले होते, त्यामुळे तो अंगठ्यावर बसला. आठ-दहा दिवसांचं काँक्रीट म्हणजे दगडच. एकेक पट्टी मोकळी करायला तास-दीड तास जायचा. आणि एकदा वाकलेलं लोखंड घाईनं सरळ केलं तर तिथेच तुटतं, म्हणून मामा ते तिळातिळानं उभं करायचे, पाठीला पोक आलेल्या माणसाला उठवावं तसं. दोघांच्या मिळून दिवसाला सहा-सात पट्ट्या व्हायच्या. एका खोलीला वीस, खोल्या पाच. सोमवारी पाहणीवाले आले, फोडलेली भिंत बघून रागावले आणि इंजिनिअरबाईंवर ओरडून गेले. बाई वर चढल्या. मामांना वाटलं, आता आपल्यावर ओरडणार. त्यांनी तिसरी छिन्नी मागितली, दोन तास ठोकलं, हाताला फोड आणले आणि पुढच्या गावाला पळाल्या.

संध्याकाळी मामा घरी यायचे तेव्हा मामी रोज आकडा विचारायच्या. सात. तेरा. एकोणीस. आकडा चढत होता आणि तापही. बोलताना मध्ये थांबावं लागायचं. "आपल्या घराचं कधी?" असं त्यांनी एकदाच विचारलं. शाळेनंतर घरं, त्यात ओळ लागलेली, मामांचं घर अठ्ठाविसावं. मामांनी ते सांगितलं. एकदा खरं बोललं की त्याची सवय लागते, आणि ही सवय सुखाची नाही.

दोन खोल्यांच्या पट्ट्या झाल्या. त्यांच्यावर वासे, वाशांवर पत्रे चढले. तिसऱ्या खोलीच्या चार पट्ट्या मोकळ्या झाल्या होत्या, तेव्हा भोंगा वाजला. ह्या वर्षातलं दुसरं वादळ. परवा सकाळी.

"हंगाम अजून लांब आहे ना?" मामा भोंगेवाल्याला म्हणाले, जणू तारीख त्याच्या हातात होती.

बांधलेल्या खोल्या दोन, आणि बाकीचे नातलगांकडे निघून गेल्यावर गावात राहिलेली माणसं दीडशे. दोन दिवसांत तिसरी होणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोघं मिळून ठोकत राहिले, मग ओळंब्यानंच छिन्नी खाली टाकली. हात उघडत नव्हता. मामांनी त्याची बोटं एकेक करून हातोड्यावरून सोडवली.

वादळाच्या सकाळी दोघं अंगणात आले. वारा अजून सुरू व्हायचा होता. आभाळ जुन्या पितळेच्या रंगाचं झालं होतं आणि पक्षी एकही नव्हता. अकरा वर्षांत पहिल्यांदा ओळंबा ह्या अंगणात आला होता. तो खाटेपासून चार हातांवर थांबला.

"भाऊजी," मामी म्हणाल्या, "वाळलात किती."

ओळंबा ताडपत्रीच्या दोरीची गाठ तपासायला लागला.

"ऐक," मामा खाटेशी उकिडवे बसले. "गेल्या वेळी मी म्हणालो होतो, छप्पर माझं आहे. मला काही माहीत नव्हतं. आता जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो. कोपऱ्यातल्या खोलीला वीस पट्ट्या. सतरा धड आहेत. तीन सरळ करताना तुटल्या. तिथे दुहेरी तार घातलीय, सळीला अडकवून. तार टिकेल की नाही, मला माहीत नाही."

"ह्याला माहीत नाही, म्हणजे मलाही नाही," ओळंबा पाठमोराच म्हणाला.

मामींनी डोळे मिटले. मामांना वाटलं, संपलं. बाहेर ठेवली तर वादळ, आणि वादळातून वाचली तर छाती. जबरदस्तीनं उचलून न्यावी तर वाटेतच हिचा जीव भीतीनं जाईल.

"त्या तीन दाखवाल?" मामी म्हणाल्या.

"दाखवीन."

"मला त्यांच्याच खाली ठेवा. समोर दिसत असलं म्हणजे..." पुढचं खोकल्यात गेलं.

पुढून मामा, मागून ओळंबा, अशी खाट निघाली. रस्त्यात माणसं गाठोडी, कोंबड्या, आजारी म्हातारे घेऊन चालली होती.

"तुझी बाजू खाली आहे," ओळंबा म्हणाला.

"माझी सरळ आहे. तू उंच आहेस."

"उंच असणं हा गुन्हा आहे का?"

"दोघांच्या मध्ये मी आहे," मामी खाटेवरून म्हणाल्या, "एवढं ध्यानात ठेवा म्हणजे झालं."

कोपऱ्यातल्या खोलीत ऐंशी माणसं बसली. मोठ्या बाईंनी आल्या-गेल्यांची हजेरी घेतली, शाळेत घेतात तशी, आणि उत्तर न देणाऱ्यावर डोळे वटारले. नऊच्या सुमाराला वारा आला. त्याचं वर्णन कुणाला करता येत नाही, आणि जो करतो तो त्यात नव्हता. सांगण्यासारखं एवढंच, की खोलीतला एकही माणूस दाराकडे बघत नव्हता. सगळे वर बघत होते. पट्ट्या कुरकुरत होत्या. एक वासा उठायचा, पट्टीला हिसका बसायचा, आणि वासा परत बसायचा. दर हिसक्याला ऐंशी माणसं श्वास घ्यायची.

अकराच्या सुमाराला तीनपैकी एक तार तुटली. आवाज फार मोठा नव्हता. वाशाचं टोक भिंतीवरून वीतभर उचललं गेलं आणि त्या फटीतून उजेड आणि पाणी एकदमच आत आलं. मामी बरोबर त्याच्या खाली होत्या. त्या किंचाळल्या नाहीत. त्यांनी मामांचं मनगट धरलं ते असं, की पुढे चार दिवस तिथे निळे वळ होते. ओळंबा बाकावर चढला, तिथून खिडकीच्या कठड्यावर, आणि दोन्ही हातांनी वाशाला लोंबकळला. मग सायकलवाला लोंबकळला. मग मामा. तीन माणसं वाशाला पिकलेल्या फळांसारखी लटकत राहिली, हात सुटला की दुसरा चढायचा. शेजारच्या पट्ट्यांनी बाकीचं धरलं. दोन वाजेपर्यंत हे चाललं.

छप्पर राहिलं.

चारला वारा पडला. मामा बाहेर पडले, घर बघून यायला. त्यांना अर्धा तास लागला. त्यातला बराच वेळ परत येताना गेला. पाचही बोटं सुजलेली, खांदा जागेवर नाही, आणि डोक्यात एकच विचार: हे तिला कसं सांगायचं. दारात ओळंबा उभा होता. त्यानं मामांच्या तोंडाकडे पाहिलं आणि बाजूला झाला.

मामी जागच्या जागी होत्या. कुणीतरी त्यांच्या अंगावर कोरडं पांघरूण घातलं होतं. ताप होता, डोळे लाल.

"काय राहिलंय?" त्यांनी विचारलं.

"जोतं," मामा म्हणाले. "आणि दाराची चौकट."

"भिंती?"

"नाही."

मामींनी मान भिंतीकडे वळवली. मामा खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. मागून थोरली येऊन बहिणीच्या डोक्याशी बसली. लोक एकेक करून उठत होते, पोरांना उचलत होते, आपापलं काय राहिलं ते बघायला बाहेर पडत होते. गर्दीनं आत ऊब होती, ती कमी होत गेली. नर्सताई आल्या, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या, आणि मामांकडे न बघता म्हणाल्या, "आजच्या रात्रीत कळेल काय ते."

खोली रिकामी झाली. उचललेल्या वाशाखालच्या फटीतून अजून पाणी ठिबकत होतं. ओळंबा खाटेच्या डोक्याकडच्या बाजूला येऊन उभा राहिला. मामांनी पायाकडची बाजू धरली. ती आता म्हणेल, मला बाहेर न्या. आणि म्हणाली तर न्यावंच लागेल, एवढं दोघांनाही कळत होतं. दोघं वाकून, हात खाटेला लावून, वाट बघत राहिले.

मामींचा श्वास घरघरत होता. त्यांनी एकदा वर पाहिलं, सतरा पट्ट्या आणि दोन तारांकडे. मग पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

"थोडी ह्या बाजूला सरकवा," त्या म्हणाल्या. "इथे गळतंय."